बेळगावातून युरोपला महिन्याला २ टीबी: जोडणीची आखणी कुठून सुरू करायची?

मार्कंडेय_काठ

बेळगाव, खानापूर आणि निपाणी इथल्या पाच महाविद्यालयांचा एक गट आहे. पश्चिम घाटातल्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचं जनुकवाचन सुरू होतंय. महिन्याला साधारण २ टीबी कच्चा डेटा इंग्लंडमध्ये हिंक्स्टनच्या युरोपियन न्यूक्लिओटाइड आर्काइव्हला (जनुकक्रमांच्या सार्वजनिक साठ्याला) आणि युरोपातल्या भागीदार प्रयोगशाळेला पाठवायचा आहे. तिकडून हवामानाचा डेटाही उतरवून घ्यायचा आहे. प्रस्तावात सध्या इतकंच लिहिलंय: दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून प्रत्येकी १ जीबीपीएसची (सेकंदाला एक अब्ज बिट) लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली जोडणी), म्हणजे एक तुटली तर दुसरी चालू. हे पुरेल का? निविदेत आणखी काय लिहावं? साठवण मुख्य कॅम्पसमध्ये बेळगावातच असेल.

राकसकोप

पुरेल का, यापेक्षा हे जास्तच नाही ना, असं विचारा. २ टीबी महिनाभर सारखे वाहिले तर सरासरी ६ एमबीपीएस होते. २०० एमबीपीएसची स्वच्छ वाट असेल तर तेच काम २२ तासांत उरकतं. १ जीबीपीएसवर साडेचार तास. हे झालं कागदावरचं.

आता प्रत्यक्षातलं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे दर हजार किमीला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. बेळगाव ते इंग्लंड चांगल्या वाटेनं १२० ते १५० मिलिसेकंद लागतात. आखणीत १५० धरा. टीसीपी (डेटा पोचल्याची पोच घेत पाठवणारा प्रोटोकॉल) पोच मिळेपर्यंत जितका डेटा वाटेत ठेवू शकतो, तितकाच वेग मिळतो. १ जीबीपीएस गुणिले ०.१५ सेकंद म्हणजे १८.७५ एमबी सतत वाटेत असला पाहिजे. लिनक्समध्ये पाठवणाऱ्या बाजूच्या टीसीपी बफरची (डेटा तात्पुरता धरून ठेवायच्या जागेची) मूळ कमाल मर्यादा ४ एमबी असते. ४ एमबी भागिले ०.१५ केलं की सुमारे २२० एमबीपीएस येतात, आणि हिशोबाची जागा वजा जाता हातात त्याहून कमीच पडतात. लाइन १ जीबीपीएसची घ्या नाहीतर १० ची, एका प्रवाहाचा आकडा तोच राहणार. वाटेत एखादं जुनाट यंत्र विंडो स्केलिंगचा (पोच न मिळता पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा, म्हणजे खिडकी, वाढवण्याचा) पर्याय पुसून टाकत असेल तर खिडकी ६४ केबीवर अडकते. मग वेग ३.५ एमबीपीएस आणि २ टीबीला ५३ दिवस.

बफर वाढवणं फुकट आहे, दोन ओळींचं काम. दोन्ही टोकांना ६४ एमबी करा. ३०० मिलिसेकंदांची लांबची वाट लागली तरी १ जीबीपीएसला ते पुरतात.

खरी पीडा पॅकेट गळतीची, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेत हरवण्याची. दहा हजारांत एक पॅकेट गळत असेल तर जुन्या पद्धतीच्या टीसीपीचा अंदाज असा: मुंबईपर्यंत, १२ मिलिसेकंदांवर, सुमारे १२० एमबीपीएस. तीच गळती, तीच लाइन, पण इंग्लंडपर्यंत १५० मिलिसेकंदांवर साडेनऊ एमबीपीएस. म्हणजे २ टीबीला १९ दिवसांहून जास्त. टीसीपीच्या नव्या पद्धतींपैकी क्युबिक थोडं बरं चालतं, बीबीआर बऱ्याच अंशी सावरतं, पण मुळातली गळती जात नाही. म्हणूनच कंपनीचा माणूस मुंबईच्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट दाखवून "सगळं ओके आहे सर" म्हणतो आणि तो खोटंही बोलत नसतो.

निपाणीकर

दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा, हा समज आधी काढून टाका. महामार्गाच्या कडेला एकच खंदक असतो, त्यात एकाच डक्टमध्ये (नळीत) दोघांची फायबर असते. कधी तर एकाच केबलमधल्या जोड्या दोघांनी भाड्यानं घेतलेल्या असतात. जेसीबीचा दात लागला की दोन्ही गेल्या. निविदेत "दोन सेवादाते" लिहू नका. "दोन भौतिकदृष्ट्या वेगळ्या वाटा, नकाशाची केएमझेड फाइल जोडून, कॅम्पसमध्ये दोन वेगळ्या फाटकांतून प्रवेश" असं लिहा. शिवाय वाट बदलली तर ३० दिवस आधी लेखी कळवण्याची अट घाला. नाहीतर सही झाल्यावर वर्षाच्या आत दोन्ही गुपचूप एकाच खंदकात येतात.

आपल्या भागातून बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच. उत्तरेला निपाणी-कागल-कोल्हापूर-सातारा असा राष्ट्रीय महामार्ग ४८. रेल्वेच्या कडेनं घटप्रभा-रायबाग-कुडची-मिरज. दक्षिणेला धारवाड-हुबळी-बेंगळुरू. पश्चिमेला लोंढा-कॅसल रॉक-कुळे असा घाट. उत्तरेच्या दोन्ही वाटा पुराच्या. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत यमगर्णीला वेदगंगेचं आणि शिरोलीला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, आणि रेल्वेची वाट कुडचीजवळ कृष्णा ओलांडते. पुलाच्या कठड्याला लटकवलेलं डक्ट पुरात टिकेल यावर पैज लावू नका. फायबर पाण्यानं लगेच मरत नाही. पण जॉइंट क्लोजरमध्ये (सांध्याच्या डब्यात) पाणी शिरलं की नुकसान हळूहळू वाढतं आणि दुरुस्तीची गाडी पाणी ओसरेपर्यंत तिथं पोचत नाही. म्हणून उत्तरेची एक आणि धारवाडकडची एक, अशीच जोडी घ्या.

सीमेची एक गंमतही आहे. निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये (दूरसंचार परवान्याच्या विभागात), कोल्हापूर महाराष्ट्रात. अंतर ४० किमीच्या आसपास, पण सर्कल ओलांडली की ते राष्ट्रीय लांब पल्ल्याचं सर्किट ठरतं, तसा परवाना असलेली कंपनी लागते आणि दरही त्या हिशोबाने येतो. निपाणीच्या महाविद्यालयाला कोल्हापूर जवळ आहे म्हणून तिकडून लाइन स्वस्त मिळेल असं गृहीत धरू नका. दोन्ही बाजूंचे भाव मागवा.

मार्कंडेय_काठ

केएमझेडचा मुद्दा महत्त्वाचा, प्रस्तावात घालतो. खानापूरच्या कॅम्पसला बेळगावशी स्वतःच्या डार्क फायबरनं (आपली यंत्रं लावून चालवायच्या मोकळ्या फायबरनं) जोडायचा विचार आहे, २६ किमी. त्याला ४० किमीचं १० जीचं (१० जीबीपीएसचं) ऑप्टिक, म्हणजे प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल, घेतलं की झालं ना?

निपाणीकर

हिशोब मांडा. किमीला ०.२५ डीबी (प्रकाशाच्या घटीचं माप) नं २६ किमीला साडेसहा डीबी. दर दोन किमीला ड्रम संपतो, म्हणजे तेराएक स्प्लाइस (फायबरचे सांधे), प्रत्येकी ०.१ नं १.३ डीबी. दोन्ही टोकांचे कनेक्टर १ डीबी. एकूण ८.८. ४० किमीच्या ईआर ऑप्टिकची सोय साधारण ११ डीबीची, म्हणजे आज चालेल. पण दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक तुटीला दोन नवे स्प्लाइस वाढतात, म्हणून ३ डीबी राखून ठेवायचे. मग ११.८ होतात आणि ईआर अपुरं पडतं. ८० किमीचं झेडआर घ्या, पण ते तसंच जोडू नका. त्याचा प्रकाश +४ डीबीएमपर्यंत (प्रकाशाच्या ताकदीचं माप) जातो आणि घेणारी बाजू -७ पेक्षा जास्त सहन करत नाही. ८.८ डीबी वजा जाता -४.८ पोचतो, म्हणजे रिसीव्हर ओव्हरलोड. ५ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) घेणाऱ्या बाजूला लावा. पुढे नुकसान वाढलं की तो काढून कमी डीबीचा घालता येतो. एवढीशी स्वस्त वस्तू विसरल्यामुळे हजारोंचं ऑप्टिक खराब निघालं असं समजून परत पाठवलं जातं.

त्या पट्ट्यात पाऊस आणि वळवाची वीज दोन्ही भरपूर. जमिनीखालून नेणार असाल तर ठीक, पण शेवटचे काही किमी खांबांवरून जाणार असतील तर धातूचं कवच नसलेली एडीएसएस केबलच घ्या. धातूचं कवच असलं की विजेचा धक्का थेट रॅकपर्यंत येतो. आणि रस्ता ओलांडताना उंची राखा. गळितात उसानं वर चढवून भरलेल्या ट्रॉल्या दरवर्षी खाली लोंबणाऱ्या केबली ओढून नेतात. नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात जास्त तुटी याच.

घटप्रभा

जमिनीवरचं झालं. आता पाण्याखालचं. तुम्ही केबल विकत घेणार नाही, क्षमताही नाही. ते काम देशाच्या संशोधन जाळ्याचं. समुद्राखालची क्षमता बहुधा १५ ते २५ वर्षांच्या वापरहक्कानं घेतली जाते, वर दरवर्षी देखभालीचा हप्ता. एका महाविद्यालयानं किंवा पाचांनी तो विचार करायचं कारणच नाही. पण कुठली वाट कुठून जाते हे कळलं पाहिजे, नाहीतर "बॅकअप आहे" या शब्दावर तुमचा विश्वास बसेल.

दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांनुसार २०२२ अखेर भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबली १४ स्टेशनांवर उतरत होत्या. जागा फक्त पाच: मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन, तिरुअनंतपुरम. गोव्यात त्यातली एकही नाही, त्यामुळे लोंढा-कुळे वाट जवळची दिसली तरी पुढे मुंबईलाच जाते. बेळगाव मुंबई आणि बेंगळुरूच्या मधोमध आहे, हा खरं तर फायदा. एक वाट पुण्यावरून मुंबई, तिथून पश्चिमेला. दुसरी बेंगळुरूवरून चेन्नई, तिथून सिंगापूर.

पश्चिमेच्या वाटेचा दोष एकच आणि मोठा. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या मोठ्या केबली, सी-मी-वी ४, आयमीवी, युरोप इंडिया गेटवे, एएई-१, सगळ्या तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून जातात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताचं इंटरनेट अर्धमेलं झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्षेपणास्त्र लागलेलं रुबीमार जहाज नांगर ओढत वाहत गेलं आणि तीन केबली गेल्या. त्या पाण्यावर ताबा कुणाचा यावरून ओढाताण असल्यामुळे परवानग्याच मिळेनात, दुरुस्ती महिनोन्‌महिने लांबली. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयमीवी तुटल्या. चार कंपन्यांच्या चार लाइन घेतल्या तरी सगळ्या याच चिंचोळ्या पाण्यातून गेल्या तर ती एकच लाइन समजा.

राकसकोप

> दुसरी बेंगळुरूवरून चेन्नई, तिथून सिंगापूर.

घटप्रभा अण्णा, इथं एक खोच आहे, ती लिहून टाका. सिंगापूरला पोचलं म्हणजे वेगळी वाट झाली असं नाही. सिंगापूरहून युरोपला पश्चिमेकडून जाणाऱ्या केबलीही परत हिंदी महासागर ओलांडून त्याच तांबड्या समुद्रात शिरतात.

घटप्रभा

अगदी. म्हणून नुसतं "सिंगापूरमार्गे" लिहून भागत नाही. सिंगापूर, मग प्रशांत महासागर, अमेरिका, अटलांटिक, अशी वाट विचारायची. संशोधन जाळी एकमेकांना असा आधार देतात. आशिया-पॅसिफिक आणि युरोपातल्या जाळ्यांनी रिंग करून ठेवली आहे, एकाची केबल गेली की दुसऱ्याच्या क्षमतेवरून वाहतूक वळते. लंडन-सिंगापूर १०० जीबीपीएसची जोडणी सहा जाळ्यांनी मिळून घेतली, तीही त्यातलीच. उलट्या बाजूनं गेलं की १५० चे ३०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त होतात. डेटा पाठवायला चालतं, दूरवरचं यंत्र हातानं चालवायला नाही.

दक्षिण अमेरिकेनं हा प्रश्न दुसऱ्या टोकानं सोडवला. त्यांची युरोपची वाहतूक अमेरिकेवरून जात होती. २०२१ मध्ये एलालिंक ही पोर्तुगाल-ब्राझील केबल सुरू झाली, त्यात संशोधन जाळ्यांनी २५ वर्षांसाठी स्पेक्ट्रमचा वाटा बांधणीच्या आधीच घेतला होता. आपल्याकडे असा निर्णय दिल्लीत होईल, बेळगावात नाही.

चोर्ला_घाट

मुळात राष्ट्रीय ज्ञान जाळं, म्हणजे एनकेएन, याबद्दल कुणी बोललंच नाही. मार्च २०१० मध्ये मंजुरी, ५,९९० कोटींची तरतूद, अंमलबजावणी सरकारच्या एनआयसी या संगणक विभागाकडे. युरोपच्या जिआंट या संशोधन जाळ्याशी आणि जिनिव्हाच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेशी जोडलेलं. सर्नच्या प्रयोगांचा डेटा मुंबईच्या टीआयएफआरला आणि कोलकात्याच्या व्हीईसीसीला, या संशोधन संस्थांना, अशा जाळ्यांतूनच येतो. तुमच्या पाचांपैकी एकही संस्था त्यावर असेल, किंवा ज्या विद्यापीठाशी संलग्न आहात ते असेल, तर पहिला अर्ज तिथं. निविदा नंतर.

मात्र एनकेएनची लाइन आली म्हणून वाहतूक तिच्यावरून जाते असं नाही. इथं बहुतेक कॅम्पस फसतात. कॅम्पसमध्ये खासगी कंपनीचे आयपी पत्ते आणि नॅट (अनेक यंत्रांसाठी बाहेरचा एकच पत्ता) असेल तर परतीची वाट त्या कंपनीवरूनच. स्वतःचे पत्ते आयआरआयएनएनकडून (देशात आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून) घ्या आणि ते एनकेएनवरून जाहीर करा. दोन्हीकडे जाहीर करणार असाल तर लांबीकडे (तिरप्या रेघेनंतरचा आकडा; तो जितका मोठा तितका पत्त्यांचा गट लहान आणि मार्ग नेमका) लक्ष द्या. खासगी कंपनीकडे /२४ आणि एनकेएनकडे /२२ जाहीर केलं, तर सगळं जग /२४ च्या मागे जातं. एनकेएनची लाइन मोकळी पडते आणि खासगी तुंबते. दोन्हीकडे सारख्याच लांबीचे जाहीर करा, खासगी वाटेवर पाथ (मार्गातल्या जाळ्यांची यादी) लांबवा, म्हणजे ती दुय्यम ठरते. आयपीव्ही६ चा /४८ त्याच अर्जात मागा. आरपीकेआयची नोंद (हे पत्ते कुठल्या जाळ्यानं जाहीर करायचे याचा दाखला) विसरू नका, आणि ती नीट करा: ती तुम्ही जाहीर केलेल्या मार्गाशी जुळली नाही तर कडक तपासणी करणारी जाळी तो मार्ग टाकून देतील.

एडुरोम (दुसऱ्या कॅम्पसमध्येही आपल्याच लॉगिननं वायफाय) ईआरनेट चालवतं, लॉगिनच्या ओळखीसाठी इन्फ्लिबनेटचं इन्फेड आहे. ते करून घ्या, पण त्यात अवघड काही नाही.

हिंडलगा_रोड

हे सगळं कॅम्पसच्या फायरवॉलमधूनच जाणार ना? वर कुणीतरी "वाटेतलं जुनाट यंत्र" म्हणालं. फायरवॉल काढा असं सुचवणार असाल तर माझा विरोध आहे. पाच महाविद्यालयांचे विद्यार्थी, कार्यालयीन संगणक, परीक्षेचा डेटा, सगळं एकाच जाळ्यात आहे.

राकसकोप

काढा नाही, बाजूनं वाट काढा. एक सर्व्हर फक्त डेटा पाठवायला, बाकी काही नाही: ई-मेल नाही, ब्राउझर नाही. तो सीमेवरच्या राउटरला थेट जोडायचा, आणि राउटरवर ठरावीक पत्ते व ठरावीक पोर्ट एवढीच परवानगी. अमेरिकेच्या ईएसनेटनं या रचनेला सायन्स डीएमझेड असं नाव दिलंय. कार्यालय आणि विद्यार्थी फायरवॉलमागेच राहतात.

कारण असं की फायरवॉल हजारो छोट्या प्रवाहांसाठी घडवलेली असते. पेटीवर १० जीबीपीएस लिहिलेलं असतं, ते सगळ्या प्रोसेसरांची बेरीज. एक मोठा प्रवाह एकाच प्रोसेसरवर पडतो, आत बफर चिमूटभर, आणि पॅकेटं गळतात. तीच दहा हजारांत एक.

हिंडलगा_रोड

परवानगीची यादी कोण सांभाळणार? सहा महिन्यांत कुणीतरी "तात्पुरतं" म्हणून सगळं उघडं करतो.

राकसकोप

व्हय की, ती भीती खरी आहे. म्हणून यादीत बदल करायचा हक्क प्रयोगशाळेला द्यायचा नाही, तुमच्याकडेच ठेवायचा. सर्व्हरवर पासवर्डनं प्रवेश बंद, फक्त की. नोंदी दुसऱ्या यंत्रावर. आणि त्या सर्व्हरवरून कॅम्पसच्या आतल्या जाळ्यात जायची वाट बंद. प्रयोगशाळा डेटा त्याच्यावर ढकलेल, तो आतून काही ओढणार नाही.

हिंडलगा_रोड

एवढं लेखी असेल तर माझी हरकत नाही. आयसीएमपीचं (जाळ्यातल्या अडचणी कळवणाऱ्या निरोपांचं) काय? आमच्याकडे सरसकट बंद आहे.

चोर्ला_घाट

सरसकट बंद करू नका. त्यानंच मोठ्या पॅकेटांचा घोळ होतो. कुणी आत ९००० बाइटची फ्रेम लावतो, वाटेत कुठं १५०० असतं, "पॅकेट मोठं आहे" हा निरोप आयसीएमपीनं यायला हवा. तो अडवला की जोडणी होते, लॉगिन होतं, फाइलची यादी दिसते, आणि फाइल सुरू झाली की सगळं गोठतं. लक्षण एकदा ओळखीचं झालं की निदान पाच मिनिटांचं. संपूर्ण वाट ९००० ची आहे हे तपासलेलं नसेल तर बाहेरच्या बाजूला १५०० च ठेवा.

राकसकोप

डिस्क राहिली. एक साधी हार्ड डिस्क सलग १५०-२०० एमबी प्रति सेकंद देते, म्हणजे एका मोठ्या फाइलला १ जीबीपीएस भरता येतं. पण लाखभर छोट्या फाइली असल्या तर डिस्क डोकं इकडून तिकडं फिरवण्यातच थकते आणि प्रत्येक फाइलमागे दीडशे मिलिसेकंदांची एखाद-दोन फेरी जाते. आधी टार करून ५०-१०० जीबीचे गठ्ठे बांधा, चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का ते ताडायचा आकडा) काढा, मग पाठवा. हस्तांतर मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे चालू होईल असं साधन वापरा. हिंक्स्टनच्या आर्काइव्हला एफटीपी आणि अ‍ॅस्पेरा ही हस्तांतराची दोन्ही साधनं चालतात. अ‍ॅस्पेरा यूडीपीवर (पोचेची वाट न पाहणाऱ्या प्रोटोकॉलवर) चालतं, त्यामुळे गळती त्याला टीसीपीइतकी बोचत नाही. पण त्याची पोर्टं राउटरच्या यादीत घालावी लागतात, आणि वेगाची मर्यादा घातली नाही तर बाकीच्यांची लाइन खाऊन टाकतं.

आणि एक आगाऊ प्रश्न: सगळं खंडापार पाठवायलाच हवं का? फरीदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर २०२२ मध्ये सुरू झालंय. जमा करण्यापुरतं तिथं भागत असेल तर समुद्र ओलांडायचा तो फक्त भागीदाराच्या वाट्याचा डेटा.

मार्कंडेय_काठ

भागीदाराला कच्चा डेटा लागतोच, पण जमा करण्याचा भाग फरीदाबादला वळवता येईल, विचारतो. आता स्वीकृती चाचणीचं सांगा. कंपनी लाइन लावून गेली की सही कशावर करायची?

घटप्रभा

स्पीड टेस्टच्या स्क्रीनशॉटवर नाही. फायबरचा ओटीडीआर आलेख (वाटेत कुठे किती प्रकाश घटतो ते दाखवणारा) दोन्ही टोकांकडून, १३१० आणि १५५० नॅनोमीटर दोन्ही तरंगलांबींवर. वाकलेली केबल १५५० वर जास्त नुकसान दाखवते, १३१० वर लपते. मग ७२ तास सलग बिट-त्रुटी चाचणी. ती मुंबई किंवा बेंगळुरूच्या जोडबिंदूपर्यंत हवी, गावातल्या एक्स्चेंजपर्यंतची नको. निविदेत गळतीची मर्यादा आकड्यात लिहा: लाखात एकपेक्षा कमी. "९९.५ टक्के उपलब्धता" या अटीत गळकी लाइनसुद्धा "उपलब्ध"च मोजली जाते.

राकसकोप

आणि परफसोनार (वाटेतली गळती आणि वेळ सतत मोजणारं साधन) बसवा. छोटा सर्व्हर पुरतो, पण खरं यंत्र हवं, व्हर्च्युअल नको. वेळेचा घोळ होतो. एक बेळगावात, एक खानापुरात. पलीकडचं टोक भागीदाराच्या विद्यापीठात बहुधा असतंच, त्यांच्या नेटवर्क विभागाला विचारा. एकदिशा चाचणी सेकंदाला १० पॅकेटं पाठवते, तासाला ३६,०००. लाखात एक गळती दिसायला तीन तासांत एखादं पॅकेट, म्हणून निदान आठवड्याचा आलेख बघा. एक-दोन तासांवर मत बनवू नका. दोन्ही दिशा वेगळ्या मोजा, जाताना स्वच्छ आणि येताना गळकी हे फार वेळा होतं.

गळती दिसली की वाट तोडून मोजायची: कॅम्पस ते बेळगावचं एक्स्चेंज, तिथून मुंबई, मुंबई ते युरोप. मी पहिल्यांदा कॅम्पसमधलीच पॅच कॉर्ड धरतो. कनेक्टरवर बोट लागलं की तेलाचा ठसा, आणि तेवढ्यानं लाखात दहा-वीस पॅकेटं जातात. क्लिक क्लीनर घेऊन प्रत्येक टोक पुसा, मगच कंपनीला फोन. त्यानंतर १० जीच्या पोर्टमधून १ जीवर उतरणारा स्वस्त स्विच. त्याचा बफर उथळ असतो, सर्व्हरनं एका झटक्यात टाकलेली पॅकेटं तो पेलत नाही. आलेखावर सरासरी वापर ३० टक्के दिसतो आणि तरी गळतं. सर्व्हरच्या बाजूला वेग ९०० एमबीपीएसला बांधला की बहुतेक वेळा थांबतं.

निपाणीकर

चाचणी मे महिन्यात उरकू नका. कोरड्यात सगळ्याच लाइन गुणाच्या असतात. अंतिम पैशांतले दहा टक्के पहिल्या पावसाळ्यानंतरच्या ओटीडीआरवर ठेवा, सप्टेंबर अखेरीस. मेचा आलेख आणि सप्टेंबरचा आलेख एकमेकांवर ठेवले की कुठल्या क्लोजरमध्ये पाणी शिरलंय ते किलोमीटरसकट दिसतं.

मार्कंडेय_काठ

दहा टक्के रोखून धरणं लेखा विभागाला चालेल का ते बघावं लागेल. आर्थिक वर्ष मार्चला संपतं.

चोर्ला_घाट

रोखून धरू नका, तेवढ्या रकमेची बँक हमी घ्या, मुदत ३१ डिसेंबर. बिल मार्चमध्येच पूर्ण फेडता येतं आणि लगाम आपल्या हातात राहतो.